पत्रिका छापण्याआधी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. नोकरीला वर्ष होत नाही तोच नाट्यगृहाच्या रौप्यमहोत्सवाची फाइल साहेबांनी तुझ्याकडे सरकवली, तीही 'तू तरुण आहेस, उत्साही आहेस' असं म्हणून, हे वाचून हसू आलं. उत्साही माणसाकडे फाइल सरकवायची पद्धत आमच्या वेळेपासूनची आहे. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात इतकी वर्षं काढलीत, तिथले वर्धापनदिन आतून पाहिलेत, तर कार्यक्रम कसा आखू ते सांगा, असं तू लिहिलंयस. पाहुणे कोण बोलवावेत तेही विचारलंयस. पाहुण्यांचं शेवटी सांगतो. तो सगळ्यात सोपा भाग आहे, बोलावलं की ते येतात.

पहिलं काम तारखेचं. कोनशिलेवर एक तारीख असते, पहिल्या प्रयोगाची दुसरी असते आणि गावाच्या तोंडी तिसरीच. भूमिपूजनाची पाटी वाचून तिचाच वाढदिवस करणारे मी पाहिलेत. तुझ्याकडं पंचवीस वर्षं नक्की कशाला होतायत ते आधी ठरव. ऑफिसातली जुनी फाइल, पहिल्या वर्षाचं बुकिंगचं रजिस्टर, गावच्या वाचनालयात बांधून ठेवलेले वर्तमानपत्रांचे अंक. यांतल्या दोन ठिकाणी एकच तारीख निघाली तर ती पत्रिकेवर घाल. जाहिरातीचा कोपरा नीट बघ. बातमीदार चुकतो, पण नाटकाची जाहिरात पैसे भरून दिलेली असते, तीत तारीख-वार-वेळ सहसा चुकत नाही.

आम्हाला तारीख शोधावी लागली नाही. स्त्रीभूमिका गाजवणाऱ्या बालगंधर्वांचा, म्हणजे नारायणराव राजहंसांचा, जन्म २६ जून १८८८ चा, आणि रंगमंदिराचं उद्घाटन यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झालं तेही २६ जूनलाच, १९६८ साली. जयंती आणि वर्धापनदिन एकाच हारात. शिवाय कोल्हापूरच्या शाहू महाराजांची जयंतीही त्याच दिवशी, ज्यांनी १९१५ साली तिथं पॅलेस थिएटर उभं केलं, पुढं ज्याला गायक-नट केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. नाटकवाल्यांना एकाच दिवशी दोघांना नमस्कार करता येतो.

पण आमच्या तारखेला एक हळवी बाजू आहे, आणि ती भाषणांत फार कमी वेळा आली. या वास्तूचं भूमिपूजन खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झालं होतं, १९६२ च्या ऑक्टोबरात. पानशेतचं धरण फुटून पाणी पुण्यातून गेल्याला सव्वा वर्ष झालेलं, मुठेचा काठ अजून सावरत होता. आपल्याच नावाच्या थिएटरचा पाया आपणच घालायचा, असं किती नटांच्या वाट्याला येतं? पुढं बांधकाम चाललं, पु. ल. देशपांड्यांनी त्यात जातीनं लक्ष घातलं, आणि १५ जुलै १९६७ ला नारायणराव गेले. पडदा उघडला तेव्हा त्यांचं वर्षश्राद्धही झालं नव्हतं. फोयरमधली गोपाळ देऊसकरांची दोन तैलचित्रं तू पाहिली आहेसच, एक पुरुषवेशातलं, एक स्त्रीवेशातलं. नवे प्रेक्षक अजूनही विचारतात, ही बाई कोण. अशा वेळी उत्तर देणारं कुणीतरी तिथं उभं असावं, एवढी माझी अपेक्षा. वर्धापनदिनाला तर असावंच. तुझ्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे, त्यांच्याबद्दल दारावरच्या माणसाला चार वाक्यं सांगता आली पाहिजेत. पाठ करून घे त्याच्याकडून.

तैलचित्रावरून आठवलं, म्हणून लगेच सांगतो. चित्राला हार घालू देऊ नकोस. ओल्या फुलांचं पाणी कॅनव्हासवर उतरतं, हाराची तार रंगाला घासते. चित्रापुढं चौरंग मांड, त्यावर फुलं वाहा. पुढारी रागावतील. रागावू दे.

आता तारखांच्या दुसऱ्या अर्थाकडे. तुझा दिवस डिसेंबरातल्या शनिवारी येतोय म्हणतेस. म्हणजे पावसाचं विघ्न नाही, आम्हाला ते कायम होतं: ओल्या छत्र्या, चिखलाच्या चपला, आणि 'आज पाऊस आहे, लोक येतील का' ही दुपारभर चाललेली चर्चा. पण डिसेंबरातला शनिवार-रविवार म्हणजे नाटकवाल्यांचा हंगाम. दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाच, रात्री साडेनऊ, असे तीन-तीन प्रयोग त्या दोन दिवसांत लागतात आणि आठवड्याची चूल त्यावर पेटते. समितीतलं कुणीतरी म्हणेल, दोन्ही दिवस आपल्याकडे घेऊ, सगळं मोफत ठेवू. तू नाही म्हण. निदान रात्रीचं सत्र तिकीट लावून एखाद्या संस्थेला दे. वर्धापनदिनाच्या रात्री नाट्यगृहात नाटक झालं नाही, तर वाढदिवस कुणाचा केला? जी तारीख घ्यायची ती तारखा वाटायच्या वेळीच घे. वाटून झालेली तारीख नंतर काढून घेतली, की त्या संस्थेचा दौरा मोडतो, बस फुकट जाते, आणि पुढची दोन वर्षं ते लोक तुमच्या गावाचं नाव घेत नाहीत.

मोफत पासचं वेगळंच दुखणं. पुढच्या तीन रांगा 'राखीव' म्हणून चिठ्ठ्या लावायच्या, मान्यवरांची वाट बघायची, आणि मागं लोक भिंतीला टेकून उभे. रंगमंचावरच्या माणसाला पहिल्या तीन रिकाम्या रांगा दिसतात. त्याच्यापुढं काळोखाचा पट्टा असतो आणि हशा येतो तो लांबून. तिसऱ्या घंटेला ज्या खुर्च्या रिकाम्या असतील त्या उभ्या असलेल्यांना द्यायच्या, हा नियम पत्रिकेवरच छाप. एकदा छापला, की डोअरकीपरला कुणाशी हुज्जत घालावी लागत नाही, तो फक्त पत्रिका दाखवतो.

आता रंगमंच. इथं जरा थांबून सांगतो, कारण समितीतल्या कुणालाच हे माहीत नसतं आणि त्रास मात्र रात्रीच्या कलाकारांना होतो.

सकाळी नटराजपूजन असतं. समई लागते, तेल सांडतं. फळीवर सांडलेलं तेल फडक्यानं पुसलं तरी जात नाही, मुरतं. संध्याकाळी तिथं एखादी मुलगी पायात पाच किलोचे चाळ बांधून गिरकी घेते. तिचा पाय कुठं पडेल ते तुझ्या समईला माहीत नसतं. समईखाली मोठी परात घ्यायची, तबक नव्हे, परात. आणि समई विंगेजवळ ठेवायची नाही. काळ्या विंगा कापडाच्या असतात, पंखा सुरू असतो, फोटोग्राफर मागं सरकत असतो. समई मध्यभागी, दर्शनी पडद्याच्या रेषेपासून दूर, आणि तिच्याकडे बघायला एक माणूस. त्या माणसाला दुसरं काम द्यायचं नाही.

नारळ रंगमंचावर वाढवायचा नाही. विंगेत दगड ठेव, खाली घमेलं ठेव. नारळाचं पाणी फळ्यांच्या फटीतून खाली जातं आणि खाली काय आहे ते तुला ठाऊक आहे, तुमच्याकडं प्लगबॉक्स तिथंच आहेत. रांगोळी फोयरमध्ये काढा, हवी तेवढी मोठी काढा. रंगमंचावर नको, ती पावलांनी पसरते आणि रात्री स्पॉट लागला की धुळीचा ढग दिसतो. झेंडूच्या पाकळ्या उधळायच्या असतील तर उधळल्यावर झाडणाऱ्याचं नाव आधी लिहून ठेव. सजावटवाल्याला सेटच्या फ्लॅटला, झालरीला, मागच्या आकाशाच्या पडद्याला, म्हणजे सायक्लोरामाला, टाचणीसुद्धा मारू द्यायची नाही. सायकला पडलेलं भोक निळ्या उजेडात ताऱ्यासारखं चमकतं, मग दिग्दर्शक विचारतो, दिवसाच्या प्रवेशात हा तारा कुठला.

आणि वायरी. सजावटवाला येतो, माळा आणतो, एकाच बोर्डातून चार जोड काढतो, जोडाला साधी चिकटपट्टी मारतो. तुझ्या इलेक्ट्रिशियननं पाहिल्याशिवाय एकही जोड चालू करायचा नाही, मग तो सजावटवाला कितीही मोठ्या माणसाचा मेहुणा असो. ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र आठव. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. कारणांबद्दल मी बोलणार नाही, ते माझं काम नाही. पण त्या रात्री कोल्हापूरचे कलावंत रस्त्यावर उभे राहून रडत होते, आणि सकाळी जयंती आली ती राखेवर. मी टीव्हीपुढं बसून होतो. जेवण गेलं नाही. तेव्हापासून कुणी मला वर्धापनदिनाच्या कार्यक्रमाबद्दल विचारलं, की मी आधी विचारतो, आगीचे सिलिंडर कधी भरलेत, आणि मागचं दार आतून उघडतं का. तुझ्या बजेटमध्ये शाली-श्रीफळांची ओळ आहे, तिच्या वर ही ओळ घाल. रौप्यमहोत्सवाच्या नावाखाली वरिष्ठ ज्या गोष्टींवर सही करतात, त्यांवर एरवी तीन वर्षं करत नाहीत. हा मोका आहे, वापर. केबल, दिवे मंद-प्रखर करणारे डिमर, पडद्याच्या दोऱ्या, मेकअपरूमच्या आरशाचे दिवे, बायकांच्या स्वच्छतागृहाची कडी. ही यादी 'महोत्सवपूर्व तयारी' म्हणून पाठव. मंजूर होते, अनुभवाचं सांगतो.

भाषणांचं तुझ्या हातात फारसं नाही, तरी दोन गोष्टी. खुर्च्या पाचच मांड. सात मांडल्यास तर सात जण बोलतात. आणि ज्यांना बोलायचंय त्यांना आधी विचार, काय बोलणार. आमच्याकडं दर २६ जूनला एक गोष्ट हमखास यायची: १९११ साली 'मानापमान'चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली, आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले. गोष्ट खरी आहे. ती ऐकताना सभागृह गप्प व्हायचं, बायका पदर डोळ्यांना लावायच्या. मी विंगेत उभा असायचो आणि दरवर्षी मला थोडा राग यायचा. नारायणरावांवर नाही. सांगणाऱ्यावर. कारण ही गोष्ट सांगून झाली, की तो वक्ता खाली बसलेल्या कामगारांकडे बघून म्हणायचा, ही निष्ठा आज कुठं राहिली?

पोरी, ही गोष्ट तुझ्याकडच्या कामगारांना मोजपट्टी म्हणून लावू देऊ नकोस. बालगंधर्वांचं दुःख त्यांचं होतं आणि निर्णयही त्यांचाच. बॅकस्टेजच्या माणसाच्या घरी कुणी आजारी असेल तर त्यानं घरी जावं. त्याच्या जागी उभा राहणारा दुसरा माणूस तयार ठेवणं हे तुझं काम. प्रयोग थांबू नये म्हणून व्यवस्था लागते, हुतात्मे लागत नाहीत. मला हे माझ्या उमेदीच्या वर्षांत कुणी सांगितलं नाही, म्हणून तुला एवढं जोर देऊन सांगतोय.

दुसरं, लावणी. अलीकडच्या वर्षांत बालगंधर्वचा वाढदिवस दोन-तीन दिवस चालतो. नाटक असतं, संगीत असतं, एकपात्री, वाद्यवृंद, आणि लावणी असतेच. काही मंडळींना ते रुचत नाही. 'बालगंधर्वांच्या नावाच्या वास्तूत' अशी सुरुवात करून ते बोलतात. मी इतकंच बघितलंय की लावणीच्या दिवशी येणारा प्रेक्षक तिकीट काढून येतो, पास मागत नाही. आणि त्या मुली आत येताना रंगमंचाच्या पहिल्या फळीला हात लावून कपाळाला लावतात, तो नमस्कार कुणा फोटोग्राफरसाठी नसतो. भर पावसात आमची भाड्याची सत्रं ज्यांनी भरली, त्यांत शास्त्रीय गाणंही होतं, शाळांची स्नेहसंमेलनंही होती आणि लावणीही. तुझ्या गावी कोण येतं ते बघ. दशावतार येतो? भजनी मंडळं येतात? ऑर्केस्ट्रा येतो? पंचवीस वर्षं ज्यांनी भाडं भरलं त्यांना रौप्यमहोत्सवात जागा दे. एकही वर्ष न फिरकलेल्या नामवंताला लाख रुपये देऊन आणायचं, आणि दर गुरुवारी तालमीला येणाऱ्या गावच्या हौशी संस्थेला 'वेळ उरला तर' म्हणून ठेवायचं, असं करू नकोस.

आता मुद्द्याचं. हे सगळं बाजूला ठेवलंस तरी चालेल, पण हे ठेवू नकोस.

वर्धापनदिनाला कामगारांचा सत्कार असतो. नाव पुकारतात, माणूस घाईघाईनं शर्ट पँटीत खोचत विंगेतून येतो, शाल खांद्यावर पडते, नारळ हातात येतो, फोटो निघतो, दोन मिनिटांत तो परत विंगेत. तिथं नारळ ठेवायला जागा नसते. तो शाल घडी करून लाइटच्या पेटीवर ठेवतो आणि पुढच्या कार्यक्रमाचे माइक लावायला जातो. मग रात्री बारानंतर सगळे गेले, की तोच सत्कारमूर्ती झेंडूच्या पाकळ्या झाडतो. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की मला शाल या वस्तूबद्दलच जरा अढी बसली.

एका वर्षी आम्ही काही जणांनी वेगळं करायचं ठरवलं. आमच्याकडं पडदा सांभाळणारे एक मामा होते. दर्शनी पडदा कुठल्या वेगानं सोडायचा ते त्यांना नटाच्या श्वासावरून कळायचं. शोकांतिकेला एक वेग, फार्सला दुसरा. टाळी सुरू व्हायच्या अर्धा क्षण आधी पडदा हलला पाहिजे, असं ते म्हणायचे, टाळीनंतर हलवला तर तो दरवाजा झाला. या माणसानं इतक्या वर्षांत एकही नाटक समोरून पाहिलं नव्हतं. मामींनी तर नाट्यगृह आतून पाहिलंच नव्हतं. त्या वर्षी संध्याकाळच्या नाटकाला आम्ही दोघांना पाचव्या रांगेत मधोमध बसवलं. तिकिटं काढून, पास नाही. पडद्यावर दुसरा माणूस दिला.

मामांना काही सुख झालं नाही, हे आधीच सांगतो. पहिला अंकभर ते नाटक सोडून झालर बघत होते. मध्यंतरात धावत आत आले आणि म्हणाले, डावी बाजू हळू येतेय, दोरी ओढून बघा. खरंच हळू येत होती. मामी मात्र बाहेर बटाटेवडा खात उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "म्हणजे एवढा मोठा पडदा हे एकटे ओढतात? घरी तर खिडकीचा ओढत नाहीत." दुसऱ्या अंकानंतर पडदा पडला तेव्हा मी त्यांच्या रांगेकडे पाहत होतो. सगळं सभागृह नटांसाठी टाळ्या वाजवत होतं, मामी पडद्याकडे बघून वाजवत होत्या.

तर हे कर. सत्कार करायचाच असेल तर कर, शालही दे. पण त्या संध्याकाळचं काम दुसऱ्यांकडून करून घे. शेजारच्या गावच्या नाट्यगृहातली चार माणसं एका दिवसासाठी मागून आण, त्यांच्या वाढदिवसाला तुझी चार पाठव. लाइटवाला, साउंडवाला, पडदेवाला, झाडणारी बाई, पाणी भरणारा, बुकिंगच्या खिडकीवरचं माणूस, सगळ्यांना घरच्यांसकट मधल्या रांगेत बसव. त्यांच्या तिकिटांचे पैसे महोत्सवाच्या खर्चात घाल. हिशेब तपासणारा विचारेल, हे कशाखाली? 'सत्कार' या शीर्षाखाली, शालींच्या ओळीत. आणि ज्यांना 'नाइट'वर, म्हणजे प्रयोगागणिक, पैसे मिळतात त्यांची त्या दिवसाची नाइट कापू नकोस. हे बोलायला लाजू नकोस, कुणीतरी बोललंच पाहिजे.

नाइटवर पोट असणं म्हणजे काय, ते तुला टाळेबंदीनं कळलं असेल, तू तेव्हा कॉलेजात होतीस. २०२० चा २६ जून आला तेव्हा राज्यातली सगळी नाट्यगृहं मार्चपासून बंद होती. २०२१ चा आला तेव्हाही बंद. मधे नोव्हेंबरात निम्म्या खुर्च्यांवर परवानगी मिळाली, ती एप्रिलमध्ये गेली, पुन्हा दारं उघडली ती २२ ऑक्टोबरला. प्रयोग नाही म्हणजे नाइट नाही. मला पेन्शन होती, माझं भागलं. पण माझ्याबरोबर ज्यांनी सेटच्या जड लेव्हल उचलल्या, त्यांतला एक भाजीची गाडी लावत होता, एक सोसायटीच्या गेटवर बसला. शिधा वाटायला कलावंत पुढं आले, ते मी विसरणार नाही. पण त्या दोन वर्धापनदिनांना मी ज्यांना ज्यांना फोन केला, त्यांतला एकही वाढदिवसाबद्दल बोलला नाही. प्रत्येकानं एकच विचारलं: पडदे कुणी उघडतंय का? बंद घरात दमट हवा धरते, मखमलीला वास लागतो, डिमर अधूनमधून चालू केले नाहीत तर बिघडतात. माणसं घरी उपाशी होती आणि काळजी मखमलीची करत होती. ही माणसं तुझ्याकडंही आहेत. त्यांची नावं तुझ्या हजेरीपटावर नसतील, कारण ती संस्थांबरोबर येतात. त्यांनाही बोलाव.

एक काम मात्र महोत्सवाआधी सुरू कर आणि नंतरही चालू ठेव. स्मरणिका निघेलच, ती शुभेच्छांच्या जाहिरातींनी भरेल, त्याला इलाज नाही. पण तिच्यात सोळा पानं मागून घे आणि त्यांत नुसती नोंद छाप: कुठल्या वर्षी काय काय झालं. जुनी रजिस्टरं काढ, बुकिंगचे प्लॅन असतील तर काढ, गावातल्या फोटोग्राफरकडे निगेटिव्ह पडलेल्या असतील त्या बघ. मग म्हाताऱ्यांकडं जा. आधी सगळ्यात वयस्क माणूस, मग त्याच्याहून धाकटा. महोत्सवानंतर जाऊ म्हणशील तर काही जण सापडणार नाहीत. गवंडी, सुतार, पहिला डोअरकीपर, पहिल्या प्रयोगाला गेलेलं एखादं जोडपं. फोनवर रेकॉर्ड कर आणि बोलू दे, मधे सुधारू नकोस.

याचा उपयोग काय, असं साहेब विचारतील. बालगंधर्वचा सुवर्णमहोत्सव २०१८ साली झाला आणि साधारण त्याच सुमारास, ही वास्तू पाडून नवी बांधावी की आहे तीच जपावी, हा वाद पेटला. तो अजून पुरता विझलेला नाही. मोठमोठी माणसं बोलली, दोन्हीकडून बोलली, आणि दोन्हीकडच्यांचं काही ना काही बरोबर होतं. मी मात्र वाट बघत होतो की कुणीतरी विचारेल, सेटचा टेम्पो कुठं लागतो? फ्लॅट कुठल्या दारातून आत येतो, वळवताना किती जागा लागते, दुपारचा सेट निघून संध्याकाळचा लागायला किती मिनिटं मिळतात? सुमारे हजार खुर्च्यांचं घर दिवसातून तीनदा भरतं आणि रिकामं होतं, ते याच मिनिटांवर चालतं. ही उत्तरं कुठल्या आराखड्यात नसतात, ती आमच्या पाठीत असतात. पंचवीस वर्षांनी तुझ्याही घराबद्दल असाच वाद होईल. तेव्हा कुणाच्या तरी हातात तुझी सोळा पानं असली, तर बोलणाऱ्यांना निदान खरे आकडे मिळतील.

राहिले पाहुणे. एक नाटकातला आण, एक बांधकामातला: तुमचं नाट्यगृह ज्यांनी बांधलं त्यांच्यापैकी जो हयात असेल तो. तिसरा लोकप्रतिनिधी, तो तुला न विचारता येईलच. त्यांच्या नावांचा क्रम साहेबांना ठरवू दे, त्यात पडू नकोस, आयुष्य जातं त्यात.

पत्रिकेचा कच्चा मसुदा छापखान्यात द्यायच्या आधी मला मोबाइलवर पाठव, तारखा मी एकदा बघतो. मी रात्रीच्या एसटीनं येतो, पहाटे पोचेन. लॉज वगैरे बघू नकोस, मेकअपरूममध्ये चटई टाकली तरी मला पुरे. पूजेच्या आधी तुझ्या इलेक्ट्रिशियनबरोबर एकदा वरून खालपर्यंत फिरून घेऊ, त्याला सांगून ठेव, नाहीतर त्याला वाटायचं हा म्हातारा कोण तपासायला आला. आणि सत्काराच्या यादीत माझं नाव घातलं असशील तर काढून टाक. बुकिंगच्या खिडकीवरच्या बाई पहिल्या दिवसापासून तिथंच आहेत असं तूच लिहिलंयस, आणि यादीत त्या नाहीत. माझ्या जागी त्यांचं नाव घाल, आणि त्या संध्याकाळी खिडकीवर मी बसतो. प्लॅनवर पेन्सिलीनं खुणा करायच्या की तुमच्याकडं सगळं कंप्युटरवर झालंय, तेवढं कळव.

तुझा,
काका